वॉटचे एंजिन आणि कोर्टकचेरी

किटलीचे झाकण उडताना पाहून जेम्स वॉटला वाफेचे एंजिन सुचले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती विसरा. खाणीतले पाणी उपसणारे न्यूकोमेनचे एंजिन १७१२ पासूनच चालत होते. त्यात सिलिंडरमध्येच थंड पाण्याचा फवारा सोडून वाफेचे पाणी करीत. त्यामुळे दर खेपेस सिलिंडर थंड होई, आणि तो पुन्हा तापवण्यात बराच कोळसा फुकट जाई. वॉटने वाफ निराळ्या भांड्यात, म्हणजे संघनकात, नेऊन थंड केली. सिलिंडर सतत गरम, संघनक सतत थंड!

१७६९ मध्ये त्याला या युक्तीचे १४ वर्षांचे पेटंट मिळाले. पण कल्पनेपासून चालत्या एंजिनापर्यंतचा खर्च अफाट होता. पहिला भागीदार रोबक याचे १७७३ साली दिवाळे निघाले. नवा भागीदार बोल्टन पैसे घालायला तयार झाला आणि १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुदत १८०० पर्यंत वाढवली. पेटंट नसते तर बोल्टनने हा धोका पत्करला असता का? मला तरी वाटत नाही.

कॉर्नवॉलच्या खाणमालकांना वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा वॉट-बोल्टनना द्यावा लागे. तो त्यांना डाचू लागला. जोनाथन हॉर्नब्लोअरने १७८१ मध्ये दोन सिलिंडरांचे एंजिन काढले. एकात वापरलेली वाफ दुसऱ्यात पुन्हा कामाला लावायची! पण संघनकाचा प्रश्न आड आला. १७९३ पासून बुल नावाचा एंजिनियर, मग हॉर्नब्लोअरचा भाऊ, असे खटले चालले. १७९९ मध्ये अखेरचा निकाल वॉटच्या बाजूने लागला. (गंमत म्हणजे, दुसऱ्याच्या पेटंटामुळे वॉटलाही साधी क्रँक वापरता आली नव्हती. त्याने दातेरी चाकांची वेगळीच रचना केली.)

पेटंट संपताच ट्रेव्हिथिकने जास्त दाबाची वाफ वापरली; १८०४ मध्ये त्याचे एंजिन रुळांवरून धावले. कॉर्नवॉलमध्ये १८११ पासून प्रत्येक एंजिनाचे आकडे दरमहा छापले जाऊ लागले. कोणाचे एंजिन ठराविक कोळशात किती पाणी उपसते, हे सर्वांना दिसे. बहुतेकांनी पेटंटे घेतलीच नाहीत. तीसेक वर्षांत तेवढ्याच कोळशातून सुमारे तिप्पट काम होऊ लागले.

सगळा दोष खटल्यांवर मात्र ढकलू नका. दोन सिलिंडरांचा खरा फायदा दाब जास्त असेल तरच मिळतो, आणि तसा दाब सोसणारी बाष्पित्रे तेव्हा बनवणे कठीण होते. तरीही तारखा पाहा. मूळचे पेटंट १७८३ मध्ये संपले असते. हे खटले त्यानंतरच्या वाढीव १७ वर्षांतले आहेत.