एक सेल पुरे!

रात्री लाईट गेले की घरात पहिला प्रश्न कोणता ऐकू येतो? "बॅटरी कुठंय?" पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, दुकानात टॉर्च म्हणतात, पण अंधारात चाचपडताना सगळ्यांच्या तोंडी बॅटरीच येते. ती असते कपाटावर, नाहीतर दाराच्या मागे. आपण असतो भलत्याच खोलीत. मग बॅटरी शोधायलाच बॅटरी हवी, अशी पंचाईत होते.

माझ्या आजोबांकडे कोकणातल्या घरी तीन सेलची बॅटरी होती. चकचकीत पत्र्याची, वीतभराहून लांब. नुसते तीन सेलच पाव किलोहून जड! तिचा झोत थेट माडाच्या शेंड्यापर्यंत जायचा आणि आम्हा मुलांना त्याचा केवढा अभिमान. हातात आली की आम्ही ती वर रोखायचो. आजोबा दर वेळी एकच सांगायचे, "वर नको, खाली धर. पायाजवळ." फुरसं वाटेवर असतं, माडावर नसतं. मण्यार तर रात्रीचीच फिरते. बघायचं काय, तर पुढची दोन-तीन पावलं.

आजोबांचं हे वाक्य मला पुष्कळ वर्षांनी एका इलेक्ट्रिकच्या दुकानात आठवलं. काउंटरवर मोठमोठ्या बॅटऱ्या उभ्या होत्या. एका डब्यात किल्लीला अडकवायच्या चिमुकल्या होत्या. आणि या दोघींच्या मध्ये, धूळ खात, एक मधलीच. बोटापेक्षा थोडी लांब, तळहातावर मावणारी. तिच्या पोटात एकच सेल. कुठला? भिंतीवरच्या घड्याळात असतो ना, तोच. साधा पेन्सिल सेल. दुकानदार म्हणाले, "ही कोणी मागत नाही." मी घेतली. तेव्हापासून ती माझ्या खिशात आहे, आणि आज तुम्हाला तिच्याबद्दलच सांगायचं आहे, कारण तिच्या पोटात एक अशी करामत चालते की ती कळल्यावर मी दिवसभर ज्याला-त्याला सांगत सुटले होते.

आधी सेल हातात घ्या. पेन्सिल सेल, ज्याला दुकानात डबल ए म्हणतात, तो साडेचौदा मिलिमीटर जाड आणि पाच सेंटिमीटरांहून किंचित लांब असतो. आजोबांच्या बॅटरीतला मोठा सेल म्हणजे डी. तो चौतीस मिलिमीटर जाड. आता दोन्हींवर लिहिलेले आकडे वाचा. मोठ्यावर १.५ व्होल्ट. छोट्यावर? १.५ व्होल्ट! रिमोटमधला त्याहून बारीक सेल काढा, तिथेही १.५.

हे असं का? समजा, गच्चीवर पाण्याने भरलेलं मोठं पिंप ठेवलं आणि शेजारी, त्याच उंचीवर पाणी राहील असा एक तांब्या ठेवला. दोघांना खाली सारखीच नळी जोडली. नळीच्या तोंडाशी पाण्याचा दाब सारखाच असेल, कारण दाब उंचीवर ठरतो. फक्त तांब्या लवकर रिकामा होईल. सेलचंही तसंच आहे. व्होल्ट म्हणजे दाब, आणि तो आत कुठली द्रव्यं आहेत यावर ठरतो. या सगळ्या सेलमध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड हीच जोडी आहे, म्हणून दाब सारखा. आकाराने फक्त साठा बदलतो.

मग जुन्या बॅटऱ्यांना दोन-दोन, तीन-तीन सेल का लागायचे? दाब वाढवण्यासाठी. सेल एकामागे एक लावले की त्यांचे व्होल्ट एकमेकांत मिळतात. दोन सेल, तीन व्होल्ट. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल नावाच्या माणसाला १० जानेवारी १८९९ रोजी ज्या हातबॅटरीचं पेटंट मिळालं, तिच्यातही कागदी नळीत डी सेल असेच ओळीने बसवलेले होते. त्या काळचे सेल इतके अशक्त की दिवा सलग लावून ठेवता यायचा नाही. बटण दाबायचं, क्षणभर उजेड, की सोडायचं. त्या 'फ्लॅश'वरूनच अमेरिकेत बॅटरीला फ्लॅशलाइट हे नाव पडलं. पुढे शंभर वर्षं बॅटरीचं रूप फारसं बदललंच नाही. नळी, सेलांची रांग, पुढे काचेचा बल्ब. आणि तो बल्ब बिचाऱ्या सेलची बहुतेक वीज उष्णतेत घालवून टाकायचा. शंभरातले जेमतेम पाच भाग उजेड व्हायचा.

मग आला एलईडी. निळा प्रकाश देणारा चांगला एलईडी बनवायला शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षं लागली. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा का महत्त्वाचा? विझलेल्या एलईडी बॅटरीत डोकावून बघा (पेटलेल्या नको, डोळ्यांना त्रास होईल). बहुतेक एलईडींवर पिवळा ठिपका दिसेल. त्या पिवळ्या थराखाली निळा दिवा आहे. निळ्यातला काही प्रकाश तो थर पिवळा करून टाकतो, आणि निळा व पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो.

पण या एलईडीची एक अट आहे. त्याला जवळजवळ तीन व्होल्टचा दाब लागतो. दीड व्होल्टला तो मिणमिणतसुद्धा नाही. म्हणून तर स्वस्तातल्या एलईडी बॅटऱ्यांमध्ये तीन बारीक सेलचा तो गोल पिंजरा असतो, जो उलटा बसवला की सगळं बंद!

आता सांगा, माझ्या खिशातल्या बॅटरीत सेल एक, दाब दीड व्होल्ट. एलईडीला हवेत तीन. तरी ती लख्ख पेटते. कशी?

तिच्या डोक्यात, एलईडीच्या मागे, रुपयाच्या नाण्याहून लहान एक पट्टी असते. त्या पट्टीवर तांब्याच्या तारेचं एक इवलंसं वेटोळं. सगळी जादू या वेटोळ्याची.

तुम्ही एसटीत उभ्याने प्रवास केला असेल. गाडी वेगात असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला तर काय होतं? गाडी थांबते, पण आपण पुढे फेकले जातो. आपल्या शरीराला चालत राहायचं असतं. तारेच्या वेटोळ्यातून जाणारी वीजही अशीच हट्टी असते. एकदा वाहायला लागली की तिला थांबायचं नसतं. तुम्ही वाट बंद केलीत तर वेटोळं स्वतःचा जोर लावून तिला पुढे ढकलतं. हा जोर त्याच्याकडे येतो कुठून? वीज वाहत असताना वेटोळं लोहचुंबक बनलेलं असतं. ते चुंबकत्व मावळताना साठवलेली ऊर्जा परत देतं.

तर त्या पट्टीवरची चिप एवढंच करते: वाट उघड, वाट बंद, उघड, बंद. सेकंदात हजारो, कित्येकदा लाखो वेळा! वाट उघडी असली की सेलची वीज वेटोळ्यात खेळते. बंद झाली की वेटोळ्याचा धक्का अधिक सेलचा धक्का, असे दोन्ही मिळून एलईडीवर आदळतात. दीड व्होल्टचे झाले तीन. आपल्या डोळ्यांना इतकी वेगवान उघडझाप दिसतच नाही, उजेड सलग वाटतो.

फुकट मात्र काही मिळत नाही. दाब दुप्पट केला तर सेलकडून वीजप्रवाह दुपटीहून थोडा जास्तच ओढावा लागतो. पण तीन सेलचा डबा नको झाला, हे केवढं काम झालं!

वेटोळ्याचा हा हट्ट जोसेफ हेन्री या अमेरिकेतल्या शिक्षकाच्या लक्षात आला तो १८३२ च्या सुमाराला. लांब तारेचं वेटोळं जोडून सेलची जोडणी तोडली की जास्त मोठी ठिणगी उडते, हे त्याने नोंदवून ठेवलं. आज वेटोळ्याचा हा गुण 'हेन्री' या एककातच मोजतात. आणि हे वेटोळं तुमच्याही ओळखीचं आहे बरं का. आजी-आजोबांच्या घरी जुनी ट्यूबलाइट असेल तर तिच्या पट्टीत एक जड चोक असतो. स्टार्टर टिक् करतो, ट्यूब दोन-तीनदा डोळे मिचकावते, मग पेटते. स्टार्टर वाट तोडतो, चोक धक्का देतो, त्या धक्क्याने ट्यूब जागी होते. हेन्रीची ठिणगी, ट्यूबचा चोक आणि माझी बॅटरी, तिघी सख्ख्या बहिणी.

"पण एका सेलचा उजेड तो केवढासा!" असं माझा भाचा म्हणाला. त्याला मी गणित घातलं. तुम्हीही करा.

उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. माझी बॅटरी अगदी मंद ठेवली तर साधारण १० ल्युमेन देते. तो उजेड जमिनीवर एक मीटर व्यासाच्या गोलात पडला असं धरा. गोलाचं क्षेत्रफळ ३.१४ × ०.५ × ०.५, म्हणजे सुमारे ०.८ चौरस मीटर. १० भागिले ०.८, उत्तर साडेबारा. एका चौरस मीटरवर साडेबारा ल्युमेन. आता पौर्णिमेचं चांदणं घ्या. ते एका चौरस मीटरवर असतं सुमारे पाव ल्युमेन. साडेबारा भागिले पाव. किती? पन्नास! पुढच्या पावलावर पन्नास पौर्णिमा एकदम उतरल्या तर आणखी काय हवं? असा मंद उजेड चांगला अल्कलाइन सेल पंधरा-वीस तास देऊ शकतो.

मग मोठ्या झोताची गरज केव्हा? त्यासाठी एक प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून एक मीटरवर उभे राहा आणि भिंतीवरच्या उजेडाच्या गोलाचा व्यास मोजा. मग दोन मीटरवर जा. व्यास दुप्पट झालेला दिसेल, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. तोच उजेड चौपट जागेवर पसरला, म्हणून प्रत्येक ठिकाणी पावच उरला. अंतर दहापट झालं तर? शंभरावा हिस्सा. पाय दोन मीटरवर, माडाचा शेंडा वीस मीटरवर. शेंडा पायाइतकाच उजळायचा तर शंभरपट उजेड हवा! आजोबांचा तो पाव किलोचा भार माडासाठी होता. पायासाठी एक सेल पुरेसा होता.

मंद उजेडाची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. जूनच्या तोंडावर भंडारदरा, राजमाची अशा सह्याद्रीच्या रानांत झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. काजवे उजेडाने एकमेकांशी बोलतात. त्यांच्यावर कोणी भला मोठा झोत टाकला की बोलणं खुंटतं. शिवाय आपल्याही डोळ्यांचं नुकसान होतं. अंधारात बघणाऱ्या दंडाकार पेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एक प्रखर झोत ती सगळी मेहनत क्षणात पुसून टाकतो. त्या पेशींना तांबडा उजेड मात्र फारसा जाणवत नाही. म्हणून आकाशदर्शनाला जाणारे लोक बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावतात. छोट्या बॅटरीच्या तोंडावर तो कागद आणि रबरबँड लावायला अर्धं मिनिट पुरतं. वाट दिसते, तारे दिसतात आणि काजव्यांच्या गप्पाही चालू राहतात. झोत मात्र त्यांच्याकडे न धरता खालीच धरायचा, आजोबांसारखा.

एका सेलचा मला सापडलेला सगळ्यात मोठा गुण अजून सांगायचाच आहे. बॅटरीत तीन सेल असले की एक लवकर थकतो, दोन दमदार असतात. ते दोघे थकलेल्यातून जबरदस्तीने वीज ढकलतात आणि मग तो गळू शकतो. आत पांढरी बुरशीसारखी खपली, स्प्रिंग गंजलेली, हे तुम्ही पाहिलं असेल. (तिला हात लावू नका, मोठ्यांना सांगा.) म्हणूनच नवे-जुने सेल एकत्र घालायचे नाहीत. एकाच सेलच्या बॅटरीत हे भांडणच नाही. फार दिवस तशीच ठेवली तर एकटा सेलही गळू शकतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

आणि दमलेला सेल तिला चालतो! माझ्या भाच्याची खेळण्यातली गाडी थांबली. मोटारीला एका दमात भरपूर वीज लागते, ती देणं त्या सेलला जमेना. तो म्हणाला, सेल संपले. पूर्वी आम्ही असे सेल उन्हात ठेवायचो. उबेने आतली रासायनिक क्रिया थोडी जोरात होते आणि सेल जरा वेळ तग धरतो. (फार तापवले तर ते गळतात, तेव्हा तुम्ही हे करू नका.) या वेळी मी गाडीतला एक सेल काढून माझ्या बॅटरीत घातला. वेटोळ्याने आपलं उघड-बंद सुरू केलं आणि खोलीच्या छतावर उजेडाचा गोल उमटला. गाडीने टाकून दिलेला सेल! भाचा उडालाच. त्या सेलवर आम्ही कितीतरी रात्री पांघरुणात गोष्टी वाचल्या.

शेवटी तो बॅटरीलाही पुरेना. आता तो स्वयंपाकघरातल्या घड्याळात आहे. घड्याळाला लागते अगदी कणभर वीज. भाचा रोज शाळेतून आला की आधी तिकडे बघतो, सेकंदकाटा अजून फिरतोय का ते. आज सकाळपर्यंत तरी फिरत होता.