दुचाकीवर मिरवणारे युद्ध

व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत स्कूटरचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, याची आम्हांस कल्पना आहे. ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अर्थकारणापर्यंतचे विषय येतात, तेथे हे दुचाकीचे प्रकरण कशाला? परंतु ज्या नागपुरात कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा स्कूटर काढण्याचा प्रघात आहे, तेथे या वाहनावर काय रंगवले जाते याचा विचार एकदा तरी व्हावा असे आम्हांस वाटते. घरातल्या भिंतीवर काय टांगायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. स्कूटर मात्र रस्त्यावर फिरते, आणि तिच्यावरचे चित्र पाहायचे की नाही हे समोरच्या माणसाच्या हाती नसते.

गेली साठ वर्षे जगभर स्कूटर आपल्या हौसेप्रमाणे रंगवून, नटवून घेण्याची एक चाल पडली आहे. इंग्लंडात 1960 नंतरच्या दशकात तरुणांनी आपल्या व्हेस्पा आणि लँब्रेटा आरशांनी आणि दिव्यांनी मढवल्या. अंगात अमेरिकन लष्कराचे जुन्या बाजारात मिळणारे लांब कोट, आणि गाडीवर ब्रिटिश हवाई दलाचे निळे-पांढरे-तांबडे वर्तुळ, असा त्यांचा थाट असे. पुढल्या पिढीने बाजूच्या फुगीर पत्र्यांवर अख्खी चित्रे काढून घेतली, आणि त्यांत युद्धाचे देखावे आले: विमाने, रणगाडे, कवट्या. कोठे कोठे जर्मन सैन्याची चिन्हेही आली. महायुद्धानंतर अमेरिकेतल्या काही मोटारसायकलवाल्यांनी ही चिन्हे लोकांना दचकवण्यासाठी मिरवली होती. तीच खोड स्कूटरपर्यंत पोचली. त्यावरून वाद झाले, ते अद्याप मिटलेले नाहीत.

आता गंमत अशी की, ज्या वाहनावर ही चित्रे काढतात ते वाहनच मुळी युद्धाच्या पोटी जन्मले आहे. इटलीतील पोंतेदेरा या गावी पियाजियोचा कारखाना होता. तेथे विमाने बनत. चार इंजिनांचे अवजड बॉम्बफेकी विमानही बनले. दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात तो कारखाना उद्ध्वस्त झाला, आणि युद्ध संपल्यावर हरलेल्या देशात विमाने बनवायला वाव उरला नाही. तेव्हा एनरिको पियाजियो यांनी कोर्रादिनो दास्कानियो या विमानविद्येतील अभियंत्याला स्वस्त वाहन आखण्यास सांगितले. दास्कानियो यांना मोटारसायकल आवडत नसे; ती कपडे मळवते, साखळी तेल उडवते, चाक बदलायला त्रास पडतो. म्हणून त्यांनी सांगाड्याऐवजी पत्र्यालाच भार पेलायला लावले, आणि पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले. एप्रिल 1946 मध्ये या रचनेचे पेटंट मागितले गेले. गांधीलमाशीसारखा बारीक कमरेचा आकार, म्हणून नाव व्हेस्पा. आपल्याकडे वर्षानुवर्षे स्टेपनीचे चाक काढून पंक्चरवाल्याकडे नेणाऱ्या गृहस्थांना ते एका बाजूने सहज कसे सुटते याचे कारण यात सापडेल.

पुढे एकदा ही स्कूटर खरोखरीच युद्धावर गेली. फ्रेंच सैन्याने 1956 च्या सुमारास आपल्या छत्रीधारी दलासाठी काहीशे व्हेस्पा करवून घेतल्या. त्यांवर 75 मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ आडवी बसवलेली असे. ती गाडीवरून उडवायची नव्हे; उतरवून तिकाटण्यावर ठेवायची होती. चित्र पाहिले म्हणजे हसू येते. पण ज्या काळात त्या बनल्या तो अल्जीरियातील स्वातंत्र्ययुद्धाचा काळ होता. पॅरिसमधील हौशी संग्राहक जिला मौजेची वस्तू म्हणेल, ती अल्जीयर्समधील म्हाताऱ्याला मौजेची वाटेलच असे नाही.

आपल्याकडे या गोष्टीचा धागा फार दूर नाही. तो वर्ध्याला आहे. गांधीजींनी ज्यांना आपला पाचवा पुत्र मानले त्या जमनालाल बजाजांच्या घराण्यातून बजाज ऑटो ही कंपनी निघाली. 1945 साली ती बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने सुरू झाली, आणि पुढे पियाजियोशी करार करून तिने पुण्याजवळ व्हेस्पा बनवली. करार संपल्यावर 1972 साली आपल्या स्कूटरला तिने नाव दिले ते चेतक. म्हणजे हळदीघाटीच्या 1576 च्या लढाईत राणा प्रतापांना पाठीवर घेऊन धावलेला आणि जखमांनी मेलेला घोडा! सेवाग्रामच्या इतक्या जवळच्या घराण्याने युद्धातला घोडा निवडला, याची त्या वेळी कोणाला खंत वाटल्याचे आम्हांस आठवत नाही. नाव सुंदर होते, आणि सर्वांच्या माहितीतले होते. लग्न ठरताना तिची बोली होई, नंबर लागायला वर्षे जात. रणांगणाची आठवण येण्याइतकी सवड कोणाला होती?

खरा वाद झाला तो 2016 साली, आणि तो मोटारसायकलीवरून. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका. इंग्रजांनी महायुद्धासाठी बांधायला घेतलेली, पण युद्धात न वापरलेली ही नौका भारताने 1957 साली घेतली आणि 1961 साली ती आपल्या नौदलात रुजू झाली. 1971 च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरातून तिच्यावरील विमानांनी चित्तगाव आणि कॉक्स बाजार येथे हल्ले केले, तेही एका बॉयलरला तडे गेले असल्यामुळे वेग आवरता घेऊन. 1997 साली ती निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत तिचे तरंगते संग्रहालय होते. पण पत्रा गंजत चालला, देखभालीचा खर्च उचलायला कोणी पुढे येईना, आणि ती लिलावात सुमारे 60 कोटी रुपयांना भंगारात गेली. ती वाचवावी म्हणून लोक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2014 मध्ये तोडण्यास अनुमती दिली, आणि मुंबईच्या दारूखान्यात ती तोडली गेली.

त्यातले काही लोखंड बजाजने घेतले, वितळवले आणि ‘व्ही’ नावाच्या नव्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत वापरले, असे कंपनीने जाहीर केले. फेब्रुवारी 2016 मध्ये गाडी लोकांपुढे आली. कित्येकांना हे फार आवडले. जे जहाज आपण जन्मात पाहिले नाही त्याचा एक कण आपल्या मांडीखाली आहे, ही भावना खोटी म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला असेही म्हटले गेले की, जहाज वाचवायला पैसा नव्हता आणि त्याच्या नावावर गाड्या खपवायला मात्र जाहिरातीला पैसा आहे. आम्हांला दोन्ही पक्ष खरे वाटतात, पण दोष कोणाचा हे विचाराल तर कारखानदाराचा कमी आणि आपणा सर्वांचा अधिक. भंगार झाल्यावर ते लोखंड सळया होऊन कोणाच्या तरी स्लॅबमध्ये गेले असते. तेथे विक्रांतचे नावही उरले नसते. शिवाय ही खूण आपल्याच माणसांनी कमावलेली होती. जे त्या नौकेवर लढले त्यांनी रागावण्याचा हक्क बाळगावा, आणि त्यांच्याच खालोखाल अभिमानाचाही.

कमावलेली खूण म्हणजे काय, हे नागपूरकरांना समजावून सांगायला नको. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे केंद्र आहे. तेथून निवृत्त झालेल्या सुभेदाराने आपल्या स्कूटरवर पलटणीचे चिन्ह लावले तर ते त्याच्या नोकरीचे पान आहे. शेजारच्या मुलाने तेच चिन्ह रेडियमच्या दुकानातून कापून आणले, तर चौकातल्या पोलिसाने सलाम करावा एवढाच त्याचा हेतू असतो. यात अपराध लहान आहे. हसून सोडून द्यावा.

जे सोडून देऊ नये ते निराळे आहे. नव्या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत आपल्या राज्यात हिटलरचे नाव दुकानाला देण्याची टूम निघाली होती. 2006 साली नवी मुंबईत खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचे उपाहारगृह निघाले. आपल्या नागपुरातही पूल खेळण्याच्या एका जागेला ‘हिटलर्स डेन’, म्हणजे हिटलरची गुहा, असे नाव होते, आणि त्याची वार्ता परदेशी वृत्तपत्रांपर्यंत गेली. पाटीवर जे चालते ते पत्र्यावर यायला वेळ लागत नाही. रेडियमवाल्याला काय, हवा तो आकार कापून मिळतो.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: स्वस्तिक आमचेच आहे, आम्ही ते का लाजावे? अगदी बरोबर. नवी गाडी घरी आली की तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, दसऱ्याला पुन्हा निघते, जैन मंदिरात ते तांदळाचे निघते. त्याला कोणीही हात लावू नये. पण नात्झींचे चिन्ह वेगळे ओळखता यायला हवे. ते उलट्या दिशेचे असते असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही. त्याचेही बाहू आपल्या नेहमीच्या स्वस्तिकाप्रमाणे उजवीकडेच वळतात. फरक आहे तो असा की, ते बहुधा तिरपे, एका कोपऱ्यावर उभे केलेले असते, रंगाने काळे असते, आणि तांबड्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या वर्तुळात बसवलेले असते. चार बिंदू त्यात नसतात. जर्मन लोक त्याला स्वस्तिक म्हणतही नव्हते. त्यांच्या भाषेत ते ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस. 1920 साली हिटलरच्या पक्षाने ते घेतले, 1935 साली ते जर्मनीचे एकमेव राष्ट्रीय निशाण झाले, आणि त्याच्या छायेत सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. कुंकवाचे स्वस्तिक काढणाऱ्या हाताने हे चित्र काढून घेतले तर त्यात आपल्या परंपरेचा अंशही नसतो.

दुसरे उत्तर अधिक चतुर असते: इंग्रजांचा शत्रू तो आमचा मित्र, आणि सुभाषबाबूही बर्लिनला गेले होते. गेले होते, 1941 साली, देश सोडवण्यासाठी. पण तेथे उभ्या राहिलेल्या हिंदी सैनिकांच्या बाहीवर तिरंग्यावर झेप घेणारा वाघ होता, हे ध्यानात घ्यावे. आणि खुद्द हिटलरने आपल्या ‘माईन काम्फ’मध्ये हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या सत्तेखाली जाण्यापेक्षा इंग्रजांच्या हाती राहिलेला बरा, असे मत नोंदवले आहे. पुस्तक रेल्वेच्या स्टॉलवर मिळते. विकत घेणारे ते किती वाचतात कोण जाणे!

आम्हांस याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट आपल्या घरातली आहे. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, हे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनच्या मोर्चावर एकट्याने चालून गेले आणि तेथेच पडले. पुढल्या एप्रिलात सेनिओ नदीपाशी नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना उचलून आणले आणि शत्रूचे मोर्चे मोडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या इटलीतून व्हेस्पा आली त्याच इटलीत आपली माणसे त्या काळ्या चिन्हाविरुद्ध लढली. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना आपण शनवार तेली म्हणून ओळखत आलो, ते आडनावाने पेणकर आणि नवगावकर आहेत आणि घरात मराठी बोलतात. 1943 पासून काही वर्षे कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडमधून उखडलेली सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले, राहून गेली; त्यांचा देश 1939 साली हिटलर आणि स्टालिन यांनी मिळून वाटून घेतला होता. हे चिन्ह पाहून ज्यांच्या काळजात कळ येईल, त्यांपैकी काही अशी आपल्याच अंगणातली आहेत.

कायद्याचे पाहावे तर मौज आहे. लष्कराचा ऑलिव्ह हिरवा रंग खाजगी गाडीला देता येत नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी मनाई आहे. 2018 साली रॉयल एनफिल्डने महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांच्या गाडीची आठवण म्हणून ‘पेगॅसस’ नावाच्या एक हजार गाड्या काढल्या, तेव्हा हिंदुस्थानच्या वाट्याला आलेल्या अडीचशे गाड्या याच कारणाने तपकिरी रंगातच मिळाल्या. गाडीचा रंग बदलला तर ते नोंदणीपुस्तकात लावून घ्यावे लागते. जर्मनीत नात्झी चिन्ह उघड मिरवणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे आरटीओचा कारकून रंग पाहील. त्या रंगावरचे चित्र काय सांगते हे तपासण्याचे काम त्याच्याकडे नाही, आणि असावे अशी आमची मागणीही नाही. कवटी कोणती चालेल आणि कोणती नाही हे कारकुनाने ठरवू लागणे आम्हांस अधिक भयंकर वाटते.

खारघरला तरी कायदा कोठे लागला होता? मुंबईतल्या ज्यू मंडळींनी आक्षेप घेतला, मालकाची भेट घेऊन ते नाव ऐकल्यावर आपल्याला काय आठवते हे सांगितले. त्याला केवळ लक्षात राहणारे नाव हवे होते. थोड्याच दिवसांत त्याने ते बदलले आणि पाटी उतरली.