रक्तद्रवातील विषाणुरोधी औषधाचे मापन

रुग्णाने गोळी गिळली म्हणजे औषध रक्तात पुरेसे पोचलेच, असे सहसा गृहीत धरले जाते. एच.आय.व्ही.च्या जोडीने क्षय झालेल्या रुग्णाबाबत मात्र तसे मानणे धोक्याचे आहे. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एच.आय.व्ही.वरील औषधे विनामूल्य मिळू लागली. नेव्हिरॅपीन हे त्यांपैकी एक प्रमुख औषध होते. क्षयावरील रिफॅम्पिसिन यकृतातील काही एंझाइमांना चेतविते व ती एंझाइमे नेव्हिरॅपीनचा निकाल वाजवीपेक्षा लवकर लावतात. रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरमागे ते सुमारे ३ मायक्रोग्रॅमांहून कमी उरले, तर विषाणूंची वाढ पुरती थांबत नाही आणि औषधाला दाद न देणारे विषाणू मागे उरून फोफावतात.

एवढे अल्प द्रव्य मोजावयाचे कसे? पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधी पातळी सर्वांत कमी असते. म्हणून रक्त त्या वेळी काढतात. केंद्रोत्सारक यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केल्या की पिवळसर रक्तद्रव उरतो. त्यात ॲसिटोनायट्राइल घातल्यावर प्रथिनांचा साका खाली बसतो व औषध वरच्या निवळीत राहते. या खटाटोपात थोडे औषध वाया जाणारच. यावर तोड मोठी नामी आहे. आरंभीच दुसऱ्या एका सदृश द्रव्याचे ठराविक प्रमाण मिसळून ठेवतात. गळती झालीच तर ती दोघांची सारखीच होते आणि त्यांचे परस्पर प्रमाण बिघडत नाही.

नंतर ही निवळी पोलादी स्तंभात सोडतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या आरंभी खडूच्या भुकटीतून पानांतील रंग वेगळे केले. ‘वर्णलेखन’ हे नाव त्यावरून पडले. आजचा स्तंभ वीतभर लांबीचा असून त्यात तैलप्रिय लेप दिलेले सिलिकाचे सूक्ष्म कण ठासलेले असतात. त्यांतून द्रव मोठ्या दाबाने ढकलला जातो. चांदणी चौकातून निघालेल्या घोळक्यात जो दुकानादुकानाशी रेंगाळतो तो मागाहून बाहेर पडतो. तद्वत लेपाला अधिक बिलगणारे द्रव्य उशिरा बाहेर येते. बाहेर पडताना औषध जंबुपार किरण शोषून घेते आणि आलेखावर एक शिखर उमटते. ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांशी त्या शिखराचे क्षेत्रफळ ताडून पाहिले की आकडा मिळतो. पातळी कमी भरली, तर दोष रिफॅम्पिसिनचा की चुकलेल्या गोळीचा, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते रुग्णालाच विचारावे लागते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अशा दुहेरी रोग्यांत नेव्हिरॅपीन व एफाव्हिरेंझ यांची तुलना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांच्या उपचारफलात लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे डोल्युटेग्राव्हिर हे औषध प्रचारात आले. रिफॅम्पिसिन त्याचीही पातळी उतरवीत असल्यामुळे क्षयाचा उपचार चालू असेतो ते दिवसातून एकदा न देता दोनदा देतात.