दफ्तरातील उपेक्षित रकाना

इसवी सन १९३८ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या आरोग्य विभागाचे डॉ. आर्ली बॉक यांनी प्रकृतीने निकोप अशा तरुण विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा दीर्घकाळ मागोवा घेण्याची योजना आखली, तेव्हा त्यांचा विचार मोठा सरळ होता: रोग्यांच्या अभ्यासात वैद्यकाची हयात गेली, मग निरोगी मनुष्य निरोगी का राहतो याची चौकशी कोणी करावी? खर्चाची तरतूद डब्ल्यू. टी. ग्रँट नावाच्या, गावोगाव दुकाने थाटलेल्या एका धनिक व्यापाऱ्याने केली. दुकानांवर नेमायचा चांगला व्यवस्थापक कसा पारखावा, हे या खटाटोपातून उमगेल अशी त्याची अपेक्षा होती, असे सांगतात. आणि व्यापाऱ्याच्या देणगीमागे एवढा हिशेब असणे मला तरी गैर वाटत नाही.

निवडलेल्या २६८ विद्यार्थ्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडीही होते. या मुलांची जी मोजदाद झाली ती एखाद्या कसबी मोजणीदारालाही लाजवील अशी होती. कवटीचा आकार, शरीराची ठेवण, हस्ताक्षराचे वळण, शाईच्या डागांत कोणास काय दिसते, फिरत्या पट्ट्यावर धावताना शरीराची काय गत होते, हे सारे बारकाईने टिपले गेले. कारण मनुष्याचे भवितव्य त्याच्या देहयष्टीत दडलेले असते, असा त्या काळच्या अनेक विद्वानांचा दृढ समज होता. त्याच सुमारास लुईस ग्रेगरी नावाच्या एक बाई मात्र दूरदूरचा प्रवास करून या मुलांच्या घरी जात, आईवडिलांशी बोलत आणि मूल कोणत्या वातावरणात वाढले त्याचे टिपण करीत. पुढे शेलडन आणि एलेनॉर ग्लुएक या दांपत्याने बॉस्टनच्या दरिद्री वस्त्यांतून निवडलेल्या ४५६ मुलांची नोंदही या दफ्तरास जोडली गेली. त्यांतल्या कित्येकांच्या बिऱ्हाडांत गरम पाण्याचा नळही नव्हता.

या साऱ्या नोंदींतून शेवटी निष्कर्ष निघाला तो एवढाच, की जिव्हाळ्याच्या माणसांनी आयुष्य सुखाचे होते. हे सांगायला एवढी वर्षे आणि एवढा द्रव्यव्यय कशाला, ते तर आमची आजी ओसरीवर बसून सांगत असे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप वरवर रास्त आहे. परंतु सत्तरी गाठलेल्या मनुष्याला त्याचे तारुण्य विचारा. तो तारुण्य सांगत नाही, आज त्याला जे तारुण्य हवेसे वाटते ते सांगतो, दुःखे गाळतो, भांडणे मिटवून टाकतो आणि सुदैवालाच कर्तृत्व म्हणतो. या दफ्तराचे मोल असे की त्यात विसाव्या वर्षीची जबानी विसाव्या वर्षीच घेतलेली आहे, आणि म्हातारपणीच्या सोयीसाठी तीत खाडाखोड करता येत नाही.

१९७२ पासून जॉर्ज व्हॅयंट यांनी या अभ्यासाची सूत्रे सांभाळली. कागदांचा ताळा पाहता पाहता देहयष्टीच्या मोजमापांचा प्रताप ओसरला आणि ग्रेगरीबाईंच्या टिपणांसारख्या, प्रारंभी दुय्यम मानलेल्या नोंदींना भाव आला. ज्यांचे नातेसंबंध सर्वांत उबदार ठरले अशा ५८ जणांची ऐन भरातील वार्षिक कमाई, या बाबतीत तळाशी असलेल्या ३१ जणांपेक्षा सरासरी १,४१,००० डॉलरांनी अधिक होती. ग्रँटसाहेबांच्या मूळ प्रश्नास मिळालेले उत्तर ते हेच म्हणायचे! व्हॅयंट यांच्यामागून आलेले रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट असेल, याचा अंदाज पन्नाशीतील रक्तामधल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतील नात्यांच्या समाधानावरून अधिक चांगला बांधता आला.

घरातील गोडी शरीरात उतरते कशी, याचा एक दाखला ओहायोतील प्रयोगशाळेत मिळाला. ४२ जोडप्यांच्या हातांवर बारीक जखमा करून त्यांना एकदा आपुलकीने बोलण्यास आणि दुसऱ्या खेपेस मतभेदाचा विषय काढण्यास सांगितले. वादानंतर जखमा सावकाश भरल्या, आणि ज्यांच्या बोलण्यात वैरभाव अधिक होता त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या साठ टक्केच राहिला. मात्र भांडण तेवढे वाईट, असा याचा अर्थ नव्हे. हार्वर्डच्या दफ्तरात दिवसभर कुरबुरणारी वृद्ध जोडपीही आहेत, पण प्रसंग पडला तर दुसरा धावून येईल याची ज्यांना खात्री होती, त्यांची स्मरणशक्ती त्या कुरबुरीने खालावली नाही.

अर्थात प्रकृती ठीक असलेल्याला नाती राखणे सोपे जाते, त्यामुळे कार्य कोणते आणि कारण कोणते हा तंटा पूर्णपणे मिटलेला नाही. शिवाय मूळ यादीत केवळ गोरे पुरुष होते. नात्यांची एवढी महती ज्या संशोधनाने सिद्ध केली, त्यात नात्याची दुसरी बाजू कित्येक दशके प्रमुख सहभागी म्हणून नव्हतीच. एकविसावे शतक उजाडल्यावर अखेर या वृद्धांच्या पत्नींना, आपणही सामील व्हाल काय, असे विचारण्यात आले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकींनी म्हटले, की सुचले एकदाचे तुम्हाला!