पेसोत पगार, डॉलरात पगार

अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये हजार पेसोंची नोट काढली. तिच्यावर ओर्नेरोचं चित्र आहे. चिखलाचं भट्टीसारखं घरटं बांधणारा हा अर्जेंटिनाचा राष्ट्रीय पक्षी. नोट नवी होती तेव्हा तिचे पन्नासहून जास्त डॉलर मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्युनोस आयर्सच्या रस्त्यावर तिचा जेमतेम एक डॉलर येऊ लागला. या घसरगुंडीचा बहुतेक काळ आणि नंतरचीही काही वर्षं मी या शहरात काढली, आधी पेसोत पगार घेऊन आणि मग डॉलरात. राहते अजून अल्माग्रो वस्तीतल्या त्याच इमारतीत, शेजारीही तेच आहेत. बदलत गेलं ते माझं परकेपण. इथे माणूस किती परका आहे, हे पासपोर्टपेक्षा त्याच्या पगाराचं चलन जास्त ठरवतं, असं आता मागे पाहताना वाटतं.

मार्च २०१८ मध्ये, म्हणजे इथला उन्हाळा संपता संपता, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाले. तेव्हा डॉलर वीस पेसोंच्या आसपास होता. मे महिन्यात तो सुटला, सरकारला नाणेनिधीचं दार ठोठावावं लागलं आणि सप्टेंबर येईपर्यंत डॉलर चाळिशीत पोहोचला. माझ्या पगारपत्रकावरचा आकडा होता तिथेच होता, पण लातूरला घरी पाठवायची रक्कम निम्म्यावर आली. अण्णांना हे फोनवर समजावून सांगताना माझीच दमछाक व्हायची. पगार कापला नाही, नोकरी शाबूत आहे, मग पैसे कमी कसे?

घर मिळवणं हे पहिलं दिव्य. इथला घरमालक जामीनदार मागतो, आणि त्या जामीनदाराच्या नावावर शक्यतो याच शहरात घर असावं लागतं. काल विमानातून उतरलेल्या माणसाने असा माणूस आणायचा कुठून? अलीकडे विमा कंपन्या पैसे घेऊन हमी देतात. मी तीच वाट धरली. तेव्हा भाडेकरार दोन वर्षांचा असे आणि दर सहा महिन्यांनी वाढ ठरलेली असे. सही करताना ती वाढ अवाच्या सवा वाटली होती. वर्षभरात तीच स्वस्त वाटू लागली.

पेसोत जगण्याची एक शिस्त असते, ती मला तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेने लावली. पगार जमा झाला की पहिल्या दोन दिवसांतच तेल, तांदूळ, साबण आणि माते नावाचं पेय करायची येर्बाची पाकिटं घरात यायला हवीत, कारण महिनाअखेरीस तीच पाकिटं महाग झालेली असतात. मोठी खरेदी कधीच रोख करायची नाही, बिनव्याजी हप्त्यांवर करायची. बारा हप्त्यांतला शेवटचा हप्ता येईपर्यंत महागाईने तो खाऊन टाकलेला असतो. इथे लोक फ्रिजच नव्हे, बूटसुद्धा हप्त्यांवर घेतात. उरलेल्या पैशांचे डॉलर करायचे आणि ते बँकेत ठेवायचे नाहीत. या शेवटच्या नियमामागे तिचा २००१ चा डिसेंबर होता. सरकारने तेव्हा बँकांतले पैसे काढण्यावर कडक निर्बंध आणले, आणि पुढच्या वर्षी लोकांच्या डॉलर ठेवींचे सरकारी दराने पेसो करून टाकले. नोकरीभराची बचत कशी गेली ते ती शांतपणे सांगायची, आणि सांगता सांगता माते भरून पुढे करायची.

ऑगस्ट २०१९ च्या प्राथमिक निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष माक्री हरले आणि दुसऱ्याच दिवशी पेसो कोसळला. ऑक्टोबरअखेर नवा नियम आला: माणशी महिन्याला फक्त दोनशे डॉलर विकत घेता येतील. मग अधिकृत दर वेगळा आणि 'ब्लू' म्हणजे काळ्या बाजारातला दर वेगळा, असा दुहेरी संसार सुरू झाला. हा काळा बाजार भर दुपारी फ्लोरिदा नावाच्या पादचारी रस्त्यावर चालतो. 'काम्बियो, काम्बियो' असं पुटपुटत माणसं उभी असतात. होकार दिलात की ती तुम्हाला एखाद्या दुकानामागच्या खोलीत नेतात. काचेपलीकडचा माणूस शंभराची नोट हातात घेतो, बोटाने कागद चाचपतो, उजेडात धरतो आणि सगळ्यात आधी फ्रँकलिनचं डोकं बघतो. जुन्या नोटांवर ते लहान आहे, नव्यांवर मोठं. अमेरिकेत दोन्हींची किंमत सारखीच, पण इथे लहान डोक्याला दर कमी. शिक्का पडलेली, कोपरा फाटलेली किंवा पेनाची रेघ ओढलेली नोट तर सरळ परत. विसाच्या नोटेलाही शंभरीएवढा भाव नाही. पुढे लातूरहून कुणी येणार असलं की मी निरोप धाडायची: येताना डॉलर आणणार असाल तर शंभराचेच आणा, मोठ्या डोक्याचे, आणि घडी घालू नका.

२० मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि लांबतच गेली. विमानं सप्टेंबरपर्यंत बंद राहणार असं एप्रिलमध्येच जाहीर झालं. एकाच नळीने सगळ्यांनी माते पिण्याची पद्धत रातोरात थांबली. माझ्या शेजाऱ्यांना घरात बसण्यापेक्षा हे जास्त जड गेलं. त्या वर्षाची एकच गर्दी डोळ्यांसमोर आहे: २६ नोव्हेंबरला मॅराडोनाच्या अंत्यदर्शनासाठी राष्ट्रपती भवनाबाहेर लागलेली रांग.

२०२१ मध्ये मी नोकरी बदलली. नवी कंपनी परदेशातली, काम घरून, पगार डॉलरात. एका महिन्यात माझी वर्गवारी पालटली. वेस्टर्न युनियनच्या रांगेत उभं राहायचं, काळ्या बाजाराच्या जवळपासच्या दराने पेसो घ्यायचे आणि नोटांच्या गड्ड्या पिशवीत कोंबून घरी यायचं. ज्या हॉटेलांच्या दारावरचं दरपत्रक वाचून मी पुढे जायची, तिथे आता दर शुक्रवारी जेवू लागले. मधल्या काळात भाडेकराराचा नवा कायदा आला होता: करार तीन वर्षांचा, आणि वाढ वर्षातून एकदाच, सरकारी निर्देशांकाप्रमाणे. वाढीनंतर दहा-अकरा महिने गेले की भाडं इतकं विरघळायचं, की माझं घर मला जवळपास फुकट पडे. घरमालकीण विधवा बाई. तिचं घर त्याच भाड्यावर चाले. ती महिन्याला पैसे न्यायला यायची, नोटा मोजायची आणि दर वेळी म्हणायची, 'या पैशांत आता किराणाही येत नाही.' कायद्याने मी बरोबर होते, ती कायद्याने बांधलेली होती, आणि फायदा माझा होत होता. पुढे तिच्यासारख्या कित्येकांनी आपली घरं भाड्याच्या बाजारातून काढून घेतली किंवा पर्यटकांना डॉलरात द्यायला सुरुवात केली. पेसोत कमावणारी तरुण जोडपी मात्र घर शोधत वणवण फिरत राहिली.

२०२२ मध्ये सरकारने लॅपटॉपवर काम करणाऱ्या परदेशी लोकांसाठी खास परवाना काढला. पालेर्मो वस्तीतल्या कॅफेंमध्ये इंग्रजी ऐकू येऊ लागली. ही मंडळी सहा महिने राहून जात, आणि शहराला ती हवीहवीशी वाटत. आमच्या कोपऱ्यावरची बोलिव्हियन भाजीवाली इथे वीस वर्षांपासून आहे, तिची मुलं इथेच जन्मली, इथेच शिकली. पण वस्तीत कुठे चोरी झाली, की 'हे बाहेरचे लोक' या बोलण्याचा रोख तिच्या लोकांकडे असे. परदेशी आम्ही सगळेच होतो, पण पेसोत कमावणाऱ्याला इथे स्थलांतरित म्हणत आणि डॉलरवाल्याला पाहुणा. कोथिंबीर आणि झणझणीत मिरची मला भाजीवालीच्याच सांगण्यावरून सापडली, लिनिएर्सच्या बोलिव्हियन बाजारात. डाळीच्या पिठासाठी मात्र फिरावं लागलं नाही. जिनोव्हाच्या इटालियन लोकांनी आणलेली फायना नावाची हरभऱ्याच्या पिठाची जाड पोळी इथल्या प्रत्येक पिझ्झेरियात मिळते, आणि तिचं पीठ मिळतं ते दुकान पिठल्यालाही उपयोगी पडतं.

विश्वचषकाचं वर्षही तेच. सप्टेंबरमध्ये खेळाडूंच्या स्टिकरांचा इतका तुटवडा पडला, की व्यापार खात्याने त्यावर बैठक बोलावली. १८ डिसेंबरला अर्जेंटिना जिंकली. २० तारखेला सुट्टी जाहीर झाली आणि लाखो लोक रस्त्यावर उतरले. गर्दीतून बस पुढे सरकेना, म्हणून शेवटी संघाला हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. त्या वर्षीची महागाई ९४.८ टक्के होती. त्या दिवशी तिचं नावही कुणी काढलं नाही.

लातूरच्या फोनवर त्या उन्हाळ्यात एक नवा प्रश्न येऊ लागला: 'तुमच्याकडे पाऊस आहे का?' अण्णांची काळजी माझ्यासाठी नव्हती, सोयाबीनच्या भावासाठी होती. भारत सोयाबीनचं तेल मोठ्या प्रमाणावर अर्जेंटिनाकडूनच घेतो, त्यामुळे पाम्पासच्या मैदानांतल्या पावसाची खबर लातूरच्या मोंढ्यातही लागते. पाऊस नव्हता. त्या दुष्काळात इथलं सोयाबीन जवळपास निम्म्यावर आलं, आणि सोयाबीनच्या निर्यातीतून येणारे डॉलर नाहीत म्हटल्यावर मध्यवर्ती बँकेची तिजोरीही आटली. एकाच पिकावर मी दोन्हीकडून लटकलेली होते.

२०२३ चा ऑगस्ट आठवतो तो बंद दुकानांमुळे नव्हे, उघड्या दुकानांमुळे. प्राथमिक निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी सरकारने पेसोचं अवमूल्यन केलं, आणि हार्डवेअरच्या दुकानात नळाची तोटी समोर दिसत असूनही मालक ती विकेना. 'भाव नाही,' एवढंच म्हणाला. आज विकली तर उद्या तीच तोटी कितीला भरावी लागेल, याचा अंदाज त्याला नव्हता. ऑक्टोबरमध्ये मुदत ठेवीवर वर्षाला १३३ टक्के व्याज मिळत होतं. अण्णांना वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. 'मग आपल्या ठेवी तिकडेच ठेवू की!' असं ते हसत म्हणाले. त्या वर्षीची महागाई २११.४ टक्के भरली.

नोव्हेंबरमध्ये मिले राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. १३ डिसेंबरला अधिकृत डॉलर ३६६ वरून एकदम ८०० वर नेला गेला, आणि एकट्या डिसेंबरमध्ये भाव २५.५ टक्क्यांनी वाढले. भाडेकायदाही रद्द झाला. घरं पुन्हा बाजारात आली. माझा नवा करार झाला तो दर तीन महिन्यांनी वाढणाऱ्या भाड्याचा. मे २०२४ मध्ये भुयारी रेल्वेचं तिकीट १२५ पेसोंवरून ५७४ झालं. यात माझ्यासारख्यांसाठी एक नवी गोष्ट घडली. डॉलर जवळपास जागेवर थांबला आणि भाव चढत राहिले. शुक्रवारची हॉटेलं बंद झाली, पालेर्मोतली इंग्रजी विरळ झाली. पुढच्या उन्हाळ्यात ज्यांच्या गाठीशी पैसे होते ते अर्जेंटिनी लोक कपडे घ्यायला चिलीत आणि समुद्रावर ब्राझीलला जाऊ लागले, कारण तिकडे स्वस्त पडत होतं. पण २०२४ च्या पहिल्या सहामाहीत देशातले ५२.९ टक्के लोक दारिद्र्यात होते. मी हॉटेलं सोडली; तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी औषधांतलं एक सोडलं. पुढे त्या दर बुधवारी संसदेसमोर निवृत्तांच्या निदर्शनांना जाऊ लागल्या. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून कधीमधी मी सोबत जाते.

एप्रिल २०२५ मध्ये व्यक्तींसाठी डॉलरवरचे निर्बंध उठले आणि फ्लोरिदावरची कुजबुज पुष्कळ ओसरली. मे महिन्यात शहराच्या विधानमंडळाची निवडणूक झाली. कायम निवासी परदेशी लोकांना तीत मत देता येतं, तसं मीही दिलं. त्याच महिन्यात स्थलांतराचे नियम कडक करणारा अध्यादेशही निघाला. मतदान केंद्रावरच्या रांगेत माझ्या पुढे भाजीवाली होती. तिथे कुणी कुणाला पगाराचं चलन विचारलं नाही.

इथे यायचं ठरवून सल्ला मागणारी मराठी मुलं आता अधूनमधून फोन करतात. डॉलरात नोकरी आहे, शहर स्वस्त आहे का, असा बहुतेकांचा सवाल असतो. मी सांगते, जमलं तर पहिलं वर्ष पेसोत कमवा. हाल होतील, पण शेजारी कशावर हसतात आणि कशावर भडकतात ते कळेल. डॉलरात ते कळायला मला फार उशीर झाला असता. आणि करारावर सही करण्याआधी भाडेवाढीचं कलम दोनदा वाचा.