अन्ननलिकेच्या वाटेने हृदयदर्शन : टी. ई. ई. तपासणी

छातीवर यंत्र ठेवून केली जाणारी 'इको' तपासणी बहुतेकांच्या परिचयाची आहे. मात्र एकदा इको झाल्यावर, "आता तोंडावाटे नळी घालून पुन्हा इको करावयाचा आहे," असे आम्ही सांगताच रुग्ण व नातेवाईक चिंतित होतात. या तपासणीचे प्रयोजन येथे विशद करीत आहोत.

स्वीडनमधील डॉ. एडलर व हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाचे स्पंदन प्रथम टिपले. परंतु या लहरींना बरगड्या व हवेने भरलेली फुप्फुसे अडथळा करतात. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या अलिंदाला, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्याला, पाठीमागून अगदी खेटून जाते. मध्ये ना हाड, ना फुप्फुस. शिकागो येथील डॉ. फ्रेझिन व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हाच मार्ग वापरून दाखविला. अंतर कमी असल्याने सेकंदाला ५० ते ७० लाख कंपनांच्या लहरी वापरता येतात व चित्र अधिक सूक्ष्म उमटते.

पेठ, सुरगाणा यांसारख्या दुर्गम तालुक्यांतून येणाऱ्या एखाद्या भगिनीचे उदाहरण घेऊ. बालपणी झालेल्या ऱ्हुमॅटिक तापाने तिची मायट्रल झडप आकुंचित झाली आहे. फुग्याच्या साहाय्याने झडप रुंद करण्याची पद्धत जपानचे डॉ. इनौए यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यामुळे अनेकांची छाती उघडण्याची शस्त्रक्रिया टळते. मात्र अडलेल्या रक्ताची गुठळी डाव्या अलिंदाच्या चिंचोळ्या उपांगात दडलेली असू शकते. साध्या इकोत ती बहुधा दिसत नाही. फुगा नेताना ती निखळून मेंदूकडे गेली, तर बरे होण्यास आलेली भगिनी अर्धांगवायू घेऊन घरी जाईल. म्हणूनच आम्ही या तपासणीचा आग्रह धरतो. गुठळी आढळल्यास रक्त पातळ ठेवणारी औषधे काही आठवडे देऊन पुन्हा तपासणी केली जाते.

रुग्णाने सहा तास उपाशी राहावे. कवळी काढून ठेवावी. गिळताना त्रास होणे, रक्ताची उलटी, यकृताचा विकार वा औषधाची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. घसा फवाऱ्याने बधिर करून, गुंगीचे सौम्य औषध देऊन, बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी आत सरकवितात. तपासणीस साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. श्वासाचा मार्ग मोकळाच राहतो. घशाची बधिरता जाईपर्यंत पाणीही पिऊ नये, तसेच त्या दिवशी वाहन चालवू नये. घसा किंचित दुखणे स्वाभाविक आहे. अन्ननलिकेस इजा होणे अत्यंत विरळ. तरीही छातीत तीव्र वेदना, ताप वा रक्त पडल्यास तत्काळ यावे.

धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. खर्चाच्या भीतीने तपासणी टाळू नये. प्रथम आमच्या समाजसेवा विभागाशी बोलावे, ही नम्र विनंती.