केडीएमचा जोड आणि कारागिराचा श्वास

सराफी पेढ्यांच्या पाट्यांवर ‘केडीएम’ ही अक्षरे अनेक वर्षे शुद्धतेची खूण म्हणून मिरवली. ती कॅडमियम या धातूच्या नावावरून आली आहेत. दागिन्याचे भाग जोडताना पूर्वी तांबेमिश्रित डाक वापरली जाई. त्यामुळे दागिना वितळवल्यावर सोन्याचा कस उतरे. सुमारे ९२ टक्के सोने व ८ टक्के कॅडमियम असलेली डाक आली आणि ही घट थांबली. ग्राहक आणि व्यापारी दोघांचाही लाभ झाला. किंमत मात्र कारागिराने चुकवली.

सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. जोडकामाच्या ज्योतीत त्याची वाफ होऊन सूक्ष्म कण श्वासावाटे फुफ्फुसांत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये कॅडमियमला मानवी कर्करोगास कारणीभूत पदार्थांच्या पहिल्या गटात स्थान दिले. त्याचा संबंध प्रामुख्याने फुफ्फुसांच्या कर्करोगाशी आहे. मूत्रपिंडांत साचलेले कॅडमियम तर दहा-वीस वर्षे तेथून हलत नाही.

हा धोका वासावरून ओळखता येत नाही. धूर छातीत गेल्यावर काही तासांनी घसा खवखवणे, ताप, छाती आवळणे ही लक्षणे दिसतात आणि ती साध्या सर्दीवर ढकलली जातात. ओळखीचे साधन मात्र अनेक पेढ्यांवर आधीच आहे. सोन्याचा कस सांगणारे क्ष-किरण यंत्र डाकेतील कॅडमियमही दाखवू शकते. बाहेरून आणलेली डाक वापरण्यापूर्वी त्यावर तपासून घ्यावी. जुने दागिने दुरुस्तीस आले, तर त्यांच्या जोडांत कॅडमियम असल्याचे गृहीत धरूनच काम करावे. कारागिरांच्या रक्त व लघवीतील कॅडमियमची चाचणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने करावी.

संरक्षणाचा पहिला उपाय म्हणजे जस्त, तांबे, चांदी यांची कॅडमियमविरहित डाक. दुसरा, ज्योतीच्या अगदी जवळून धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा. छताचा पंखा धूर खोलीभर पसरवतो. कापडी मुखपट्टी या कणांना अडवीत नाही. कामाच्या पाटावर खाणेपिणे आणि धूम्रपान टाळावे. तंबाखूच्या धुरातही कॅडमियम असते.

१६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाला. तो सोन्याचा कस सांगतो. ज्या खोलीत दागिना घडला तेथील हवेचा नाही. त्या हवेची जबाबदारी काम देणाऱ्या पेढीचीच आहे.